दूधवाल्याच्या घरातली बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो. बाळांना दूध पाजायची. अंगावरचे आकडे पुसट झालेत आणि बूचही मूळचं नाही. भट्टीतून मी लालभडक निघाले तेव्हा वाटलं होतं, वाळूची काच होते याहून मोठं नवल जगात नसेल. पण तेव्हा मी बाळ पाहिलं नव्हतं.

मला एका दूधवाल्याने आणलं. खाली दुकान, वर घर. नुसत्या वासावरून दूध कधीचं ते सांगणारा माणूस तो! आजारपणात बायकोचं दूध आटलं, म्हणून बाळाला डब्यातल्या पावडरीचं दूध सुरू झालं. आणि बाळाच्या अंगावर पुरळ उठलं. उलट्या झाल्या, शीतून रक्त गेलं. दूध ओढायचंही त्राण त्याला उरलं नाही.

"गाईच्या दुधाची अॅलर्जी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा डबाही त्याच दुधाचा."

"दूधवाल्याच्या पोराला दूध चालत नाही? लोक म्हणतील, हा दुधात काहीतरी कालवतो." बाप हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "मग शेळीचं आणू? हलकं असतं."

"ते गाईच्या दुधाचं सख्खं भावंड. तेही सोसणार नाही."

बाळाच्या आत्याने बदामाच्या दुधाचं विचारलं.

"ते तुम्ही खुशाल प्या. एवढं लहान बाळ त्यावर पोसत नाही." मग बाईंनी एक वेगळी पावडर लिहून दिली. तीही दुधाचीच, पण त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली, की बहुतेक बाळांचं शरीर त्यांना ओळखतच नाही.

बापाने डबा हुंगला आणि नाक मुरडलं. "याला दूध म्हणायचं?"

बाळानेही आधी तोंड फिरवलं, मग भुकेने प्यायलं. उलट्या कमी झाल्या, पण पुरळ जाईना, वजन वाढेना. आई रडकुंडीला आली. हेही दूध सोसलं नाही, तर पुढे काय?

मित्रांनो, मला कारण ठाऊक होतं, पण बाटलीला वाचा कुठली! बाप मला रोज खाली नेऊन स्वतः घासायचा, दुधाचे कॅन धुतले की त्याच टबात, त्याच ब्रशने. त्याच्यासारखी स्वच्छ भांडी कुणाची नसतात, असा त्याचा लौकिक होता.

एकदा आईच मला न्यायला खाली आली.

"अहो, याच ब्रशने?"

"मग? याच्याइतकं स्वच्छ अख्ख्या गल्लीत..." तो बोलता बोलता थांबला. ब्रशमधून पांढरं पाणी निथळत होतं. तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. "अगं, गाईचं दूध मीच पाजत होतो की त्याला."

त्या दिवसापासून मी वरच राहिले. माझं पातेलं वेगळं, ब्रश वेगळा. बाप अंघोळ करून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यायचा. हळूहळू पुरळ ओसरलं आणि वजनाचा काटा पुढे सरकला. मी तर थक्क झाले. टबभर पाण्यातला दुधाचा अंशसुद्धा ज्याने ओळखला, ते शरीर माझ्याहून जेमतेम दोन-तीन वीत मोठं होतं!

मित्रांनो, बाळासाठी दूध निवडताना आपला अभिमान बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. मग ते दूध ज्या भांड्यातून, ज्या हातांनी जाणार आहे, तिकडेही बघा. बाळाला सांगता येत नाही. ते आपण देऊ ते विश्वासाने पितं.

एका सकाळी बाप मला धरून बाळाला पाजत होता. बाळाने दोन्ही हात पुढे केले आणि मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. मी काचेची, भरलेली, चांगली जड. तरी बाळाने मला उचलून धरलं आणि ते घटाघटा प्यायला लागलं. बापाचे दोन्ही तळवे माझ्याखाली तसेच पसरलेले होते, पण त्यांची गरज पडली नाही.