विहिरीतलं शिसं

काकांचा बॅटऱ्यांचा धंदा बंद होऊन जमाना झाला, पण शिसं परसातल्या मातीत मुक्काम ठोकून होतं. काकू गेल्यावर काका तिच्या गुलाबांना पिंपात कुजवलेल्या पाल्याचं, कोऱ्या चहासारखं पाणी घालू लागले, आणि विहिरीत शिसं उतरलं.

माती तपासणारी पुतणी बाटल्या घेऊन आली.

"काका, मातीला चिकटलेलं शिसं साध्या पाण्याला दाद देत नाही. पाल्याचा अर्क मात्र त्याला सोडवतो आणि आपल्याबरोबर खाली नेतो. ते पाणी बंद करा. प्यायला नळाचंच घ्या. विहिरीच्या पाण्यात शिसं सापडतंय तोवर मी दर महिन्याला तपासायला येईन."

काकांनी पिंपावर झाकण ठेवलं; आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकलं.

ती येत राहिली. काकूच्या खुर्चीत बसून चहा घ्यायची, बडबडायची. घर कसं भरून जायचं.

या खेपेला ती दारातूनच हसली. "विहीर स्वच्छ झाली, काका! सुटलात माझ्या कटकटीतून."

"वा, वा!" काका म्हणाले.

तिला फाटकापर्यंत सोडून ते परतले, तिचा कप विसळला, आणि पिंपातल्या पाण्याने बादली काठोकाठ भरून गुलाबांकडे निघाले.