बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

चाळीस वर्षांच्या टेलरकीत मास्तरांनी बाईमाणसाचा एकही कपडा शिवला नव्हता. सख्ख्या बहिणीच्या कोटाची बाहीसुद्धा समोरच्या दुकानातून दुरुस्त होऊन यायची. अशा माणसाच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी गोळी दिली ती बायकांची!

निदान पाकिटातल्या कागदावर तसं छापलं होतं: स्तनाच्या कॅन्सरसाठी.

डॉक्टरांनी समजावलं होतं. "मास्तर, तुमच्या गाठीच्या पेशींवर स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर सापडलेत. म्हणजे ते हार्मोन येऊन चिकटायच्या जागा. हे हार्मोन पुरुषाच्या अंगातही असतं. गोळीनं त्या जागा अडवून काही फरक पडतो का, ते आम्ही मोजक्या रुग्णांत तपासतोय. फार आशा ठेवू नका. पण केमो तुम्हाला झेपली नाही."

मास्तरांनी सही केली. तीन महिने "रोज घेतो" म्हणाले. तेवढ्या काळात स्वतःची पँट त्यांनी कमरेत चारदा आत घेतली.

मग तपासणीत गाठ वाढलेली दिसली. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, 'औषधाचा उपयोग नाही.'

त्याच दुपारी थोरल्या बहिणीला, ताईला, एक बटण हवं होतं. तिनं दुकानातला डबा उपडा केला.

"काय रे, ही बटणं बिनभोकांची कशी?"

मास्तर कात्रीची धार बघू लागले.

"अरे, ह्याच गोळ्या मी पाच वर्षं घेतल्या. छातीत गाठ होती तेव्हा."

"म्हणूनच! गिऱ्हाइकांना कळलं तर काय म्हणतील?"

"गोळी घेऊन तुझं काय बाळंतपण निघणार होतं?"

मास्तर हसले नाहीत. ताईही हसली नाही.

"घ्यायची नव्हती तर नाही म्हणायचंस. जीव तुझा आहे. पण तू खोटं सांगितलंस! उद्या तुझ्या फाइलवरून ते म्हणतील, गोळी कुचकामी आहे. न घेतलेली गोळी! चुकीच्या मापावर तू कधी कापड कापलंस का रे?"

मास्तरांनी सांडलेल्या गोळ्या एकेक करून वेचल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मास्तर दारातूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "डॉक्टर, मी एकही गोळी घेतली नाही. लाज वाटली!"

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं.

"आता घेतली तर?"

"कॅन्सर यकृतात पोचलाय, मास्तर. आता काही व्हायचं नाही. तेव्हा तरी झालं असतं का, ते मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही."



बाहेर बाकावर एक धिप्पाड गृहस्थ तसलंच पाकीट रुमालात गुंडाळून बसले होते. मास्तर हळूच शेजारी टेकले.

"घेताय ना?"

"घेतो की. रोज."

"मी पण असंच म्हणायचो," मास्तर म्हणाले.

गृहस्थांनी रुमालाची गाठ सोडली. पाकिटातली एकही गोळी कमी झालेली नव्हती.

वाचकहो, गोळीनं गुण येईल की नाही, ते शास्त्र बघेल. डॉक्टरांपुढे खरं बोलणं तेवढं आपल्या हातात असतं. लाजेनं आजवर कुणी बरं झालेलं नाही. मास्तरही झाले नाहीत.