ओ सेल लावला का?

माझं नाव क्षमा ठेवणाऱ्या आत्याला आमच्या लॅबमधली मुलं भेटली असती, तर तिनं कानाला हात लावला असता. "नाव क्षमा, पण करत कोणालाच नाहीत," असं ती माझ्या पाठीमागे म्हणतात आणि मला ते ऐकू येतं. खरंच आहे ते. चिठ्ठीवर तारीख नसेल तर मी रक्ताचा नमुना परत पाठवते. नळीवर नुसतं आडनाव असेल तरी परत. चौतीस वर्षं रक्तात काढली आहेत मी, आणि रक्ताला 'चालतंय की' चालत नाही.

त्या रविवारी, एकतीस मेला, मी निवृत्त होणार होते. रविवारी कोण येणार, म्हणून निरोपाचा कार्यक्रम शुक्रवारीच उरकायचं ठरलं. शाल, नारळ, समोसे, आणि ज्यांनी मला दहा वर्षं लिफ्टमध्ये टाळलं त्यांची भाषणं. मला कशाचाच उत्साह नव्हता. मायक्रोस्कोपवर वाकून वाकून मान गेली आहे, गुडघे अंधेरी स्टेशनचा पूल बघितला की आधीच कुरकुरतात. थकले आहे मी. वयाने थकले आहेच, पण त्याहून जास्त एका गोष्टीने थकले आहे, ती आधी सांगते.

बॉम्बे रक्तगट म्हणजे काय, हे मी इतक्यांदा समजावलं आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. साध्या तपासणीत हा गट हुबेहूब ओ दिसतो. पण अशा माणसाला ओ रक्त दिलं, तर त्याचं शरीर ते परकं समजून फोडून टाकतं. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त चालतं, आणि तो दहा हजारांत एखादा. हा खरा ओ की बॉम्बे, हे ओळखायला आणखी एक नळी लावावी लागते. रुग्णाचं सीरम घ्यायचं आणि त्यात ओ गटाच्या पेशी मिसळायच्या. गुठळी झाली तर बॉम्बे, नाही झाली तर ओ. आम्ही त्या नळीला नुसतं 'ओ सेल' म्हणतो. रांगेत ती शेवटची असते, त्यामुळे घाईत राहते तीच.

माझी राहिली होती. अठ्ठ्याण्णव सालचा ऑगस्ट, उपनगरातलं एक रुग्णालय, त्याचं नाव आता घेण्यात अर्थ नाही. मी पीएचडी करता करता तिथल्या रक्तपेढीत ड्यूटी करत होते. द्रौपदी सोनावणे, वय चोवीस, बाळंतपण झालेलं आणि रक्तस्राव थांबत नव्हता. वरून फोनवर फोन येत होते. ओ सेलची बाटली संपली होती, नव्या पेशी तयार करायला वीस मिनिटं लागली असती. मी चिठ्ठीवर O लिहिला. पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळवून बघायला वेळ नाही, असं म्हणून डॉक्टरांनी सही करून पिशव्या तशाच नेल्या. पहाटे द्रौपदी गेली. मुलगी वाचली.

दुसऱ्या दिवशी मी उरलेला नमुना काढला आणि शेवटची नळी लावली. नळीत गुठळी दिसली. तिचा रंग मला अजून आठवतो.

तिच्या घरच्यांना तपासणीसाठी बोलावून घेतलं तेही मीच. भावाचा गट तोच निघाला. खंडू सोनावणे, टेलिफोनमध्ये लाइनमन, सगळे नाना म्हणायचे. मी त्यांना समोर बसवून सांगितलं की गट दुर्मीळ होता, घाई होती, लक्षात आलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, ते सांगितलं नाही. मराठीत कर्ता गाळता येतो, ही फार मोठी सोय आहे. चौकशीतही 'तातडीची परिस्थिती' एवढंच लिहून फाईल मिटली.

पुढचं माझं सगळं नाव त्या एका न लावलेल्या नळीवर उभं आहे. बॉम्बे गटाच्या अँटिबॉडीवर शोधनिबंध लिहिले, परिषदांना गेले, दुर्मीळ रक्तदात्यांची यादी केली. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत रक्तपेढ्यांमधल्या पोरापोरींना दरडावून दरडावून शिकवलं, की ओ सेल लावल्याशिवाय ओ लिहायचा नाही. लोक म्हणायचे, बाईंना केवढी तळमळ! तळमळ कसली? खाई त्याला खवखवे.

नाना त्या यादीतलं पहिलं नाव. अठ्ठावीस वर्षांत मी फोन केला आणि ते आले नाहीत, असं झालं नाही. दर वेळी आले की "जय भीम मॅडम" म्हणायचे, पलंगावर आडवे व्हायचे, बाही वर करायचे आणि विचारायचे, "ओ सेल लावला का?" लॅबमध्ये त्याचा विनोदच झाला होता. मुलं एकमेकांना चहा विचारतानाही म्हणायची, "ओ सेल लावला का रे?" मलाही हसू यायचं. साध्या माणसाने आमच्या तोंडून ऐकलेला एक शब्द पकडून ठेवलाय, असं वाटायचं.

आणि दर वेळी मी ठरवायचे, की आज सांगायचं. मग वाटायचं, आधी पिशवी भरू दे. रुग्ण तिकडे अडकलेला असतो, हे चिडून उठून गेले तर काय? पिशवी भरली की वाटायचं, आत्ताच रक्त दिलंय माणसाने, आत्ता कसं सांगायचं? असं करत एक्केचाळीस पिशव्या झाल्या.

त्या शुक्रवारी बेचाळिसावी होती आणि तीच शेवटची. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये जान्हवी नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. वार खाली सरकलेली, सोमवारी सिझेरियन, गट बॉम्बे. यादीतले बाकीचे मी आठवडाभर फोन करून संपवले होते. एक दुबईला, एकाला नुकतीच कावीळ झालेली, एकीचं हिमोग्लोबिन कमी, एकाने महिन्यापूर्वीच दिलेलं. सांगलीहून एक पिशवी निघाली होती. दुसरी नानांचीच. आणि नाना सोमवारी, एक जूनला, पासष्ट पूर्ण करत होते. त्यानंतर नियमाने त्यांचं रक्त घेता येणार नव्हतं.

सकाळी साडेदहाला ते मेट्रोने दिंडोशीहून आले. बरोबर संघमित्रा होती, द्रौपदीची मुलगी. नानांनीच तिला वाढवलं. दिंडोशी कोर्टात स्टेनो आहे. तिने मला वाकून नमस्कार केला. ती नमस्कार करते तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटतं. नानांच्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी होती.

"आमच्या बिल्डिंगच्या मागचं झाड. तुमच्या रिटायरमेंटला," ते म्हणाले. "शाल काय, कपाटात जाईल. ह्याची आमटी करा."

संघमित्रा बाहेर बाकावर बसली. मी नानांना आत नेलं. माझी विद्यार्थिनी रेवती फॉर्म भरून घेत होती. जन्मतारखेपाशी ती थांबली.

"काका, सोमवारीच बर्थडे की तुमचा!"

"कसला बर्थडे! आमच्या अख्ख्या वर्गाचा एक जूनच होता. मास्तरने एका बैठकीत सगळ्यांना जन्माला घातलं," नाना म्हणाले. "आई सांगायची, पानशेत फुटलं त्या सालातला मी, दसऱ्याच्या आगेमागे. म्हणजे चार महिने बाकी आहेत ना मॅडम? अजून एक पिशवी बसते."

"कागद एक जून म्हणतो, नाना."

"तेच म्हणतो मी. ज्याच्या हातात पेन, त्याचं खरं."

ते हसत होते. मी मात्र तिथून उठून खिडकीपाशी गेले आणि उगाच पडदा सारखा केला. हिमोग्लोबिन भरलं, रक्तदाब ठीक होता. रेवतीने पिशवी काढली. माझा फोन वाजला. जान्हवीचा नवरा होता, सकाळपासूनचा चौथा फोन. "मॅडम, आले का ते?" मी म्हणाले, "आलेत." त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

फोन ठेवला आणि मला स्वतःचा मनस्वी कंटाळा आला. पुन्हा तेच. आधी पिशवी, मग बघू. सोमवारपासून मी त्यांना फोन करणार नव्हते, त्यांना यायचं कारण उरणार नव्हतं. आज नाही तर मग मेल्यावरच. पण बोलले आणि नाना उठून गेले, तर त्या मुलाला मी काय सांगणार होते? माझं मन हलकं करायला त्याच्या बायकोची पिशवी घालवली म्हणून? दोन्हीकडून मीच चोर होते. तरी, न सांगता घेतलेली एक्केचाळीस रक्तं पुरे झाली, एवढं मला स्पष्ट कळत होतं.

"रेवती, पाच मिनिटं बाहेर जा."

"मॅम, पण सुई…"

"जा म्हटलं ना."

ती गेली. नाना बाही वर करून आडवे झालेले. मी स्टूल ओढून बसले.

"नाना, द्रौपदीच्या वेळी चिठ्ठीवर ओ कोणी लिहिला, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी लिहिला होता. शेवटची नळी लावली नव्हती. पेशी संपल्या होत्या, तयार करायला हव्या होत्या, मी केल्या नाहीत. माझ्यामुळे गेली ती."

बोलून झालं. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही, हाताकडे बघत होते. कोपराच्या आत सुयांचे जुने वण होते. सगळे मीच पाडलेले.

नाना उठून बसले. खिशातून पाकीट काढलं आणि त्यातली प्लॅस्टिकची एक पातळ पिशवी माझ्यासमोर धरली. आत पिवळी पडलेली चिठ्ठी होती. द्रौपदी सोनावणे, वय २४, गट O.

"तुमचा ओ असा असतो," ते म्हणाले. "वर देठ. लिंबासारखा."

दुसऱ्या कप्प्यातून त्यांनी आपलं रक्तदात्याचं कार्ड काढलं. तेही मीच लिहिलेलं, त्याच वर्षी. त्यावर तोच देठवाला O आणि पुढे बारीक h. बॉम्बे गट आम्ही तसाच लिहितो.

"पहिल्या दिवशीच ओळखलं मी. तिच्या कागदांत ही चिठ्ठी मिळाली होती, दोन्ही शेजारी ठेवून बघितलं ना. इथं एच आहे, तिथं राहिला."

"मग तुम्ही अठ्ठावीस वर्षं…"

"राग होता. आहे अजून. पहिली काही वर्षं तुमचा फोन आला की त्या दिवशी जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, नका जाऊ मग." त्यांनी चिठ्ठी परत नीट पाकिटात घातली. "पण मी यायचो तुम्हाला बघायला. ही बाई पुन्हा चुकते का, ते बघायला. दर वेळी विचारायचो ना?"

विचारायचे. दर वेळी विचारायचे. आणि आम्ही त्यावर हसत होतो.

"मला वाटायचं, चेष्टा करता," मी म्हणाले.

"चेष्टा कसली, मॅडम? माझ्या बहिणीच्या जिवाची?"

मी रडले. साठाव्या वर्षी, लॅबमध्ये, कोट घालून. नानांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही.

"नाना, मला माफ…"

"ते तुमचं नाव आहे. माझ्याकडे मागू नका," ते म्हणाले. मग नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "त्या मुलुंडच्या पोरीचा ओ सेल लावला का?"

"दोनदा लावलाय. काल आणि आज सकाळी."

"दाखवा."

मी आतून स्टँड आणला. जान्हवीचं नाव, तारीख, वेळ. शेवटची नळी उजेडात धरून हलवली. लाल गुठळी तळाशी तशीच घट्ट राहिली, विरघळली नाही. नाना डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना ती नळी कधी दाखवली नव्हती. त्यांनीही कधी मागितली नव्हती.

"अशी दिसते होय," ते म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले. "बोलवा त्या पोरीला. टोचू दे."

रेवतीने सुई घातली. पिशवी भरायला लागली. मी स्टुलावरच बसून राहिले.

"तुम्ही इथं कशाला बसलाय?" नाना म्हणाले. "माझं काय, मला माहीतच होतं. बाहेर बसलीय ना, तिची आई होती ती. तिला मी सांगितलेलं नाही. ते मी नाही सांगणार, ते ज्याचं त्याने सांगायचं." त्यांनी मोकळ्या हाताने पाकीट माझ्याकडे सरकवलं. "दहा मिनिटं लागतात ना पिशवीला? जा."

पाकीट घेऊन मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये शिपाई निरोपाच्या खुर्च्या मांडत होते. संघमित्रा बाकावर मोबाईल बघत बसली होती. मला बघून तिने घाईघाईने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली.

"बसा ना मॅडम. झालं का?"

"नाही," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. "व्हायचंय अजून."