दोनशे चौदा नंबरचं दार

मोजणीवाला गल्लीत शिरला तेव्हा थोरली जाऊ तयार होती. दोन वर्षांपूर्वी असाच एक जण प्रत्येक दारावर निळ्या रंगानं आकडा घालून गेला होता आणि आता त्या आकड्यांप्रमाणे घरोघर नळ मिळणार होते. थोरलीचा आकडा दोनशे चौदा. कोपऱ्यावरच्या नळाच्या रांगेपायी तिला इस्पितळात फरशी पुसायला जायला रोज उशीर होई. मुकादमानं कालच सुनावलं होतं, "बाई, आता एकदा जरी उशीर झाला, तर घरीच राहा." आजच्यापुरती तिनं कशीबशी पाळी बदलून घेतली होती.

"आकडा कुठाय?" मोजणीवाल्यानं विचारलं.

थोरलीनं वळून पाहिलं. लाकडी दार छान होतं, पण कोरं. नवऱ्यानं ते पाडकामावरून आणलं, तेव्हा जुनं पत्र्याचं दार तिनंच समोरच्या धाकट्या जावेला दिलं होतं. धाकटीकडे तोवर नुसतं गोणपाट लटकत होतं आणि पोरगी मोठी व्हायला लागली होती. आकड्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गोणपाटावर रंग बसेना म्हणून आधीच्या माणसानं धाकटीचं घर मोजलंही नव्हतं.

"तो काय, तिकडे," थोरली म्हणाली.

"म्हणजे तुम्ही तिकडे राहता?"

"नाही हो, मी इथंच राहते. दार तिकडे राहतं."

मोजणीवाल्यानं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मग आकडा घराचा की दाराचा?"

"आता ते मी कसं सांगू, साहेब? रंग तुमचा."

आवाज ऐकून धाकटी बाहेर आली. "काय झालं, ताई?"

"अगं, तुझ्या दारावर माझं पाणी आहे."

धाकटीला काही उमगलं नाही. तिनं हात पुसले. "मग ने ना काढून. दार तुझंच आहे, मी कधी नाही म्हटलं?"

"काढायचं तर पटकन काढा," मोजणीवाला म्हणाला. "आकडा ज्या घरावर दिसेल त्याचा फोटो घ्यायचा, मला एवढंच सांगितलंय. अजून सत्तर घरं आहेत."

थोरलीनं समोर जाऊन दाराला हात घातला, तेवढ्यात आतून पोरगी किंचाळली, "आई, थांब! माझी आंघोळ चाललीय!"

"दहाच मिनिटं, साहेब," थोरली म्हणाली.

"घरटी दहा मिनिटं थांबलो तर मी इथंच म्हातारा होईन, बाई."

एव्हाना शेजारचे तिघे बाप्ये जमले होते. त्यातला एक पुढे आला. "दोनच तर बिजागऱ्या आहेत, वहिनी. लावतो की हात."

थोरली गर्रकन वळली, पाठ दाराला टेकवली आणि दोन्ही हात पसरले. "एकानंही पुढे यायचं नाही!"

मोजणीवाल्यानं तेवढ्यात तिच्या डोक्यावरच्या आकड्यासकट फोटो काढला. तिचं नाव विचारून लिहून घेतलं आणि धाकटीच्या भिंतीवर खडूनं फुली मारली. "दोनशे चौदा. नळ इथं बसेल."

"अहो, पण माझं घर ते समोरचं!"

"कचेरीत या. दहा ते पाच." तो पुढच्या घराकडे गेला. बाप्येही पांगले.

दोघी जावा फुलीकडे बघत राहिल्या.

"ताई, मग नळ कुणाचा झाला?"

"नाव माझं लिहिलंय."

"आणि भिंत माझी."

"हो."

"मग पाणी भरायला तू माझ्याकडे येणार, की मी तुझ्याकडून घेणार?"

थोरलीनं विचार करून पाहिला. रांग सुटली असं म्हणावं, तर नळ दुसरीच्या घरी. दुसरीचा म्हणावा, तर कागदावर आपण. भांडावं की गप्प बसावं, हेही तिला ठरवता येईना.

"सकाळी सहाला दार उघडं ठेव," ती शेवटी म्हणाली.

"नळ तर बाहेरच्या भिंतीला बसणार, ताई. दाराचं काय काम?"

"तेही खरंच," थोरली म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.