भिंतीपासून वीतभर

प्रमोदिनीच्या जिभेला हाड नाही, हे तिच्या सासरी चिंचवडला शेजारपाजारच्यांनाही ठाऊक होतं. पण त्या जिभेपायी एक दिवस राहतं घर हातचं जाईल, आणि तेही आयर्लंडातलं, असं कुणी म्हटलं असतं तर तीच आधी खो खो हसली असती.

घर तरी काय होतं म्हणा! कॅरिगलाइनच्या एका वसाहतीतलं टोकाचं घर, भाड्याचं. वर दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि एक मागची खोली, मागे टॉवेलाएवढी बाग. नवऱ्याला, परेशला, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात नोकरी लागली तेव्हा घेतलेलं. लेक तन्वी तेव्हा बोबडं मराठी बोलायची. आता मराठीत विचारलं की कॉर्कच्या हेलात इंग्रजीत उत्तर देते.

पहिल्या हिवाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी चढली. प्रमोदिनी आईला फोन करून ढसाढसा रडली. मग उठली आणि पदर खोचला. जीन्सला पदर नसतो, पण प्रमोदिनीने तो खोचला. सासूचा स्वभाव कळावा तसं तिला ते घर हळूहळू कळत गेलं. सकाळी उठल्या उठल्या त्या खोलीची खिडकी उघडायची, बाहेर कितीही गारठा असो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायचं. तिथे कपडे म्हणून वाळत घालायचे नाहीत. बुरशी गेली ती गेलीच. पाणी तापवायचं बटण चालू असताना ओव्हन लावला की घरभर अंधार व्हायचा, तेही तिच्या अंगवळणी पडलं.

मागच्या बागेत सफरचंदाचं एक रोडकं झाड होतं, फळ न धरणारं. पहिल्या वर्षी पुण्याहून हातातून आणलेला शाडूचा गणपती बादलीत विसर्जित केला, तेव्हा ते पाणी कुठे ओतायचं असा प्रश्न पडला. प्रमोदिनीने ते झाडाच्या बुंध्याशी ओतलं, मग दर वर्षी तिथेच ओतलं. झाडाने मनावर घेतलं म्हणा की आणखी काही, पण तिसऱ्या वर्षी त्याला फळं लागली. अशी आंबट, की दात शिवशिवावेत. तिने त्यांचा मेथांबा केला आणि अर्ध्या वसाहतीला वाटला. आयरिश लोक तो सॉसेजबरोबर खायचे. खाईनात का!

असं सगळं छान चाललं असताना घरमालकीण नोरीन आली, टेबलाशी बसली आणि रडायलाच लागली. गुडघे गेले होते, मुलगी गॉलवेला बोलावत होती, घर विकणं भाग होतं. "आधी तुम्हालाच सांगतेय," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या ना."

घ्यायला कुणाची ना होती? बँकेनं कर्ज मंजूर केलं, पण एका मर्यादेपर्यंतच. आणि तिकडे घराची विक्री म्हणजे बोली. जो जास्त बोलेल त्याचं घर. परेशने झेपेल तेवढी बोली लावली. तिच्यावर कुणी गेलं, की आपण रस्त्यावर, हे दोघांनाही कळत होतं. अख्ख्या कौंटीत भाड्याचं घर मिळत नव्हतं. एक घर रिकामं झालं की ते बघायला रांग लागायची, लग्नाच्या पंगतीला लागते तशी. परेशच्या कारखान्यातला संकेत शेवटी कंटाळून नोकरी बदलून लांब मलिंगारला गेला होता.

"शनिवारी लोक घर बघायला येतील," परेश म्हणाला. "मी शिफ्टला आहे. तू घरातच थांब. खोटं अक्षर बोलू नकोस. फक्त मागच्या खोलीत बुरशी येते हे सांग. एवढं खरं बोललीस तरी बास."

"सांगते की."

"आणि चहा करू नकोस."

"मी? वैऱ्यांना चहा करीन?" प्रमोदिनी फणकारली.

शनिवारी घराचा दलाल आला, "यू आर ग्रँड, तुम्ही बसा" म्हणाला. दोन बिऱ्हाडं आली. प्रमोदिनीने त्यांना मागच्या खोलीत नेलं, भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिवाळ्यात इथे बुरशी येते." त्यांनी नाकं मुरडली आणि ती गेली. प्रमोदिनीला इतका आनंद झाला की देवापुढे साखर ठेवावी असं वाटलं.

मग पावसाची सर आली, आणि सरीबरोबर दारात एक पोर. ईफा तिचं नाव. आठवा महिना असेल, केस निथळत होते, मागे नवरा छत्रीशी झटापट करत होता. लग्न झाल्यापासून सासूच्या घरी अडगळीच्या खोलीत राहतोय, ती म्हणाली, पाळणा ठेवायलाही जागा नाही.

आता सांगा, अशा पोरीला दारातून आत घेऊन कोरड्या तोंडी उभं कोण ठेवेल? "अगं, आधी बस बाई," प्रमोदिनी चक्क मराठीत म्हणाली आणि आलं किसायला लागली. दलाल तोंडात मारल्यासारखा बघत राहिला.

चहा झाला. मग प्रमोदिनीने त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि ठरल्याप्रमाणे म्हणाली, "हिवाळ्यात इथे बुरशी येते." ईफाचा चेहरा पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पोटावर हात ठेवला.

"पण," प्रमोदिनी म्हणाली.

तिथेच घात झाला. खिडकी सकाळी उघडा, कपाट वीतभर पुढे ओढा, हे तिने हाताची वीत मोजून दाखवलं. ओव्हन लावण्याआधी ते बटण बंद करा. पाळणा पूर्वेकडच्या खोलीत ठेवा, तिथे सकाळी ऊन येतं, माझी तन्वी तिथेच वाढली. आणि हे झाड, याला नुसतं रोडकं समजून तोडू नका हं, याच्या मुळाशी आमचा देव आहे, दर सप्टेंबरला विसर्जनाचं पाणी इथेच ओततो. सगळं सांगितलं. जाताना वर मेथांब्याची बाटलीही दिली.

मंगळवारी दलालाचा फोन आला. ईफाच्या नवऱ्याने बोली वाढवली होती. परेशने होतं नव्हतं ते लावलं, त्यांनी पुन्हा वाढवली. परेशने फोन ठेवला.

"मॅम, यू टोल्ड देम एव्हरीथिंग?" तन्वीने विचारलं. इथल्या पोरांसारखी ती आईला मॅमच म्हणायची.

प्रमोदिनीला तोंड कुठे लपवावं कळेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परेशने ओरडावं, ताट आपटावं, काहीतरी करावं असं तिला वाटत होतं. तो फक्त म्हणाला, "चहा केलास ना?" आणि बागेत जाऊन झाडाजवळ उभा राहिला. त्याचे पडलेले खांदे तिला खिडकीतून दिसत होते.

जूनमध्ये घर सोडलं. मिडलटनला एका दुकानावर वरच्या मजल्याचा फ्लॅट मिळाला. तन्वीची शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. फ्लॅटची भिंत कोरडी खडखडीत होती. पण सकाळी जाग आली की प्रमोदिनी अजूनही खिडकी उघडायला उठायची, आणि मग खालचा रस्ता बघत नुसतीच उभी राहायची. तिला त्या ओल्या भिंतीची आठवण यायची. तसं कुणाला सांगावं तर लोक वेड्यात काढतील!

गणपती बसला. बादलीत मूर्ती विरघळली, आणि ते पाणी कुठे ओतायचं हा पहिल्या वर्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. परेश म्हणाला, "खाडीत सोडू." तेवढ्यात प्रमोदिनीचा फोन वाजला. ईफाने नोरीनकडून नंबर मिळवला होता. "सप्टेंबर आलाय," तिने लिहिलं होतं, "तुमचा देव यंदा कधी येणार? झाड लगडलंय."

प्रमोदिनीने मेसेज परेशला दाखवला. त्याने तो पुन्हा पुन्हा वाचला आणि गाडीची किल्ली घेतली.

झाकणाची बादली तन्वीने मांडीवर धरली. कॅरिगलाइनला दार उघडलं तर ईफाच्या कडेवर गुबगुबीत बाळ. बागेत जाऊन त्यांनी झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतलं. "मोरया" तन्वी मराठीत म्हणाली, कुणी न सांगता. परत येताना प्रमोदिनीने मागच्या खोलीत हळूच डोकावलं. खिडकी उघडी होती. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे होतं.

"त्या दिवशी आम्ही घरं बघून बघून थकलो होतो," ईफा म्हणाली. "सगळे लपवतात. भिंतीला नवा रंग, वर सुगंधी मेणबत्ती. ही ओली खोली बघून मीही परतच जाणार होते. पण तुम्ही काय दुखतंय ते सांगितलंत आणि त्यावरचं औषधही. गाडीत बसताच मी नवऱ्याला म्हटलं, कसंही कर, पण हेच घर."

परेशने प्रमोदिनीकडे पाहिलं. या घरावर आपलीही बोली होती, हे सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण जन्मात पहिल्यांदा प्रमोदिनी गप्प राहिली. बाळाच्या अंगाला पूर्वेच्या खोलीतल्या उन्हाचा वास येत होता, असं तिला उगीचच वाटलं.

ती सवयीने उठली, स्वयंपाकघरातल्या प्रेसकडे, म्हणजे तिकडच्या भाषेत कपाटाकडे, गेली आणि चहाच्या डब्यासाठी दार उघडलं. आत बाळाच्या दुधाचे डबे होते.

"अहो, तुम्ही बसा," ईफा मागून म्हणाली. "तुम्ही पाहुण्या आहात. मी करते चहा."

प्रमोदिनीने दार लोटलं आणि खुर्चीवर बसली. त्या स्वयंपाकघरात तिच्या हातात आयता चहा कधी आला नव्हता. आज आला, बिनसाखरेचा, बिनआल्याचा, पांढराफटक. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.