थाळनेरच्या पाण्यावर

"आबा, आईले घिऊन कुठीतरी फिरून या," मोहिनी सासऱ्याला म्हणाली. "लगन झाल्यापासून केळीच्या बागेपल्याड गेले नाई तुम्ही दोघं."

सुनेच्या तोंडचा 'आई' हा शब्द कुंदाबाईंच्या कानाला अजून नवा होता. जीवराम पाटलांशी त्यांचं लग्न झालं ते दिवाळी उलटल्यावर, नोंदणी करून, चार माणसांत. त्यांची पहिली बायको इंदिराबाई आजारात गेलेली. कुंदाबाईंचा पहिला नवरा तर त्या तरुण असतानाच गेला, आणि पुढचं सगळं आयुष्य यावलमध्ये शिलाई मशीनवर निघालं. आता उतरत्या वयात एका घरात आल्यावर दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागत. चहा झाला का, औषध घेतलं का, एवढंच बोलणं.

थाळनेर जीवरामभाऊंनी निवडलं. "आपल्या बागेखालून तापी जाते. पुढं जाऊन काय करते ते पाहू एकदा," ते म्हणाले.

यावलहून चोपडा, चोपड्याहून पुढची गाडी. बाकावर दोघांच्या मधोमध भरीत-भाकरीची पिशवी बसली होती. बाहेर हरभऱ्याची शेतं हिवाळ्याच्या उन्हात ओलसर चमकत होती. कुंदाबाईंचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा पिशवी भाऊंच्या मांडीवर होती आणि आपलं डोकं त्यांच्या खांद्यावर. भाऊ हललेसुद्धा नव्हते.

थाळनेर एके काळी राजाचं गाव होतं, हे सांगितल्याशिवाय कळू नये इतकं ते आता निवांत होतं. फारुकी राजांच्या थडग्यांवरचे दगडी घुमट शेतांच्या कडेला उभे, त्यांच्या नक्षीत पोपटांची घरटी. किल्ल्याचे बुरूज ढासळून नदीकडे कललेले. आणि खाली तापी. बॅरेजमुळे पाणी तुंबलेलं, रुंद आणि इतकं स्थिर की आभाळ खाली उतरून पसरल्यासारखं वाटावं.

घाटावर तोताराम भोई जाळं नीट करत बसला होता. नावेत फिरवशील का विचारताच तो उठला. नाव पाण्यात ढकलता ढकलता त्यानं सहज विचारलं, "लगीनले कितला वरीस व्हयनात, भाऊ?"

भाऊंच्या आधी कुंदाबाईंच्याच तोंडून आपसूक निघून गेलं, "लय वर्सं झाली."

भाऊंनी चमकून पाहिलं. कुंदाबाई पाण्याकडे बघत राहिल्या, कान तापलेले. नाव किनारा सोडून बरीच आत गेली, तेव्हा भाऊ हळूच म्हणाले, "चांगदेवच्या जत्रेत पाह्यलं व्हतं हिले. पहिल्यांदा."

"खोटं," कुंदाबाई हसल्या. "पाळण्यात बसायले घाबरले व्हते तुम्ही."

"तू हात धरला व्हता ना!"

मग थांबायचं कुणी? कधी न झालेली जत्रा, कधी न बांधलेलं घर, घरापुढं कधी न लावलेला पारिजात, सगळं एकेक करून पाण्यावर येत गेलं. भाऊ कधी 'तू' म्हणायला लागले, ते त्यांनाही कळलं नाही. तोताराम वल्हं मारत आपलंच सांगत होता. "आठेथून सुरतना माल बऱ्हाणपूरले जाये. नदीले पूर उना म्हणजे येपारी आठेच अटकी पडेत. आम्हना बाप सांगे, बठ्ठा घाट भरी जाये."

कुंदाबाईंनी डोळे मिटले. घाटावर कापडाचे गठ्ठे रचलेले, बैल पाण्यात उतरायला नाखूश, ओल्या रेशमाचा आणि धुराचा वास. पूर ओसरायची वाट पाहणारा एक व्यापारी, त्याच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई. कुणालाच कुठं जायची घाई नाही. ती बाई वळली, तर तिचा चेहरा कुंदाबाईंचाच निघाला.

"तुले गुळाची जिलबी आवडायची," भाऊ बोलता बोलता म्हणाले. "ताप असला तरी मागायची—"

ही बनवलेली आठवण नव्हती. कुंदाबाईंना गुळाचं काही आवडत नसे.

कुंदाबाईंना वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला टोचेल. टोचलं नाही. त्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "सांगा ना. आनखी काय आवडायचं इंदिराबाईले?"

भाऊंनी डोळे पुसले आणि सांगितलं. मग कुंदाबाईंनीही सांगितलं, आपला पहिला नवरा कसा शीळ घालत सायकलवरून यायचा ते. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नाव काठाला लागली तेव्हा तोतारामची बायको बेबाबाई वाट पाहत होती; निघतानाचं 'लय वर्सं' तिनं घाटावरून ऐकलं होतं. तिची लेक नुकतं लग्न होऊन माहेरी आली होती. "माय, तुम्हना इतला वरीसना संसार. मन्ही पोरनी ओटी भरी द्या," ती म्हणाली आणि तांदळाचं ताट, नारळ पुढं केला.

कुंदाबाईंचा हात पुढं गेला आणि तसाच थांबला. लग्नाच्या पोरींना हळद लावताना त्यांना किती वेळा मागं सारलं होतं, ते सगळं त्या हातात आलं.

"मी खोटं बोलली, बाई," त्या म्हणाल्या. "आमचं लगन आत्ता दिवाळीनंतर झालं. दोघायचंही दुसरं. माह्या हातानं चालत नसंल, तं राहू द्या."

बेबाबाई खळखळून हसली. "मंग नवी नवरी तं तूच शे ना माय! ये, बस आठे."

आणि लेकीच्या आधी तिनं कुंदाबाईंनाच पाटावर बसवून त्यांची ओटी भरली. कुंकू लावताना थोडं नाकावर सांडलं. मग कुंदाबाईंनी त्या पोरीची ओटी भरली. पोर वाकून पाया पडली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोतारामनं चहा आणला. जीवरामभाऊ दूर उभे राहून सगळं पाहत होते, आणि नदीकडे बघतोय असं दाखवत होते.

परतीच्या गाडीला अवकाश होता. दोघं किल्ल्याच्या पायथ्याशी दगडावर बसली. पदरात तांदूळ जड लागत होते. तापीचं पाणी सोनेरी व्हायला लागलं होतं, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी गुरांना हाका मारत होतं.

"इथून पुढं कुठं जाते ही?" कुंदाबाईंनी विचारलं.

"सारंगखेडा. मग प्रकाशा. मग सुरत, समुद्र."

"पुढच्या येळी प्रकाशाले जाऊ," त्या म्हणाल्या, आणि भाकरीचं फडकं सोडायला लागल्या.