न बघता दिलेला अंगठा

तीन वर्षं, नेमकं सांगायचं तर तीन वर्षांना एकोणतीस दिवस कमी, मी रोज पहाटे पाचला उठून फोनवरचं एक बटण दाबत होते. दाबलं की उत्तर येतं, आज तुमची निवड झालेली नाही. नाहीतर येतं, झाली आहे. झाली असेल तर संध्याकाळी पाचच्या आत तपासणी केंद्रावर जायचं आणि एका अनोळखी बाईच्या डोळ्यांदेखत बाटलीत लघवी करायची. बटण दाबायला विसरलं, तर नशा केल्यासारखंच धरतात.

मी नोरीन कोवॅक. हाडांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात नर्स आहे आणि मी रुग्णांचं मॉर्फिन चोरत होते. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात आम्हा नर्सांची बैठक असते, तिथे हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की आता जीभ अडखळत नाही. नर्सिंग बोर्डाने माझं लायसन्स काढून घेतलं नाही, तीन वर्षांच्या देखरेखीच्या करारावर सही घेतली. दारू नाही, खोकल्याचं औषध नाही. आमच्या स्लोव्हाक घरात ज्याच्याशिवाय नाताळ होत नाही, तो खसखशीचा रोलसुद्धा नाही, कारण खसखस तपासणीत अफू म्हणून उमटते.

या तीन वर्षांत मला उभं ठेवलं ते ग्लेंडा प्रुइटने. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, वॉर्डातली सगळ्यांत जुनी नर्स. कामावर कुणीतरी माझ्यावर नजर ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी अहवालावर सही करायची, अशी करारात अट होती. बाकीच्या माझ्या टेबलावर जेवायलाही बसत नव्हत्या, तेव्हा ही म्हणाली, "द्या तो कागद इकडे. या बयेला मी बघते." रोज सव्वापाचला तिचा एका शब्दाचा मेसेज यायचा: केलंस? मी लिहायचे: केलं. नाताळात खसखशीचा रोल तिनेही सोडला. "तू टकामका बघणार आणि मी गिळणार, एवढी काही मी हावरट नाही," म्हणाली.

गेल्या जानेवारीत, बर्फात माझी गाडी सुरू होईना आणि नेमकी निवड झालेली. ग्लेंडा मला घेऊन गेली. मी आत बाटली भरत होते तेव्हा ती बाहेर पार्किंगमध्ये घसरून पाठीवर आपटली होती. डॉक्टरने दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. पुढे त्या गोळ्यांचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

आता अंगठ्याचं सांगते. दुखण्यावरची कडक औषधं कुलूपबंद यंत्रात असतात, बोट टेकवल्याशिवाय खण उघडत नाही. औषधाची कुपी असते दोन मिलिग्रामची आणि डॉक्टर लिहितो एक. उरलेलं एक दुसऱ्या नर्ससमोर फेकायचं आणि तिने यंत्रावर बोट टेकवून साक्ष द्यायची, की हो, मी बघितलं. हा झाला नियम. प्रत्यक्षात पाच खोल्यांच्या घंटा एकदम वाजत असतात. एकजण यंत्रापाशी उभी राहून हाक मारते, "अगं, अंगठा दे गं," आणि दुसरी जाता जाता बोट टेकवून पुढे पळते. बघत कुणीच नाही. माझी चोरी याच वाटेने चालली होती. इनेस नावाच्या एका भल्या मुलीने मला असे वीस-बावीस अंगठे दिले, आणि मी पकडले गेले तेव्हा तिचीही नोकरी गेली.

म्हणजे हे कळायला हवं होतं ते सगळ्यांत आधी मला. पण मार्चमध्ये मला यंत्र उघडायची परवानगी परत मिळाली, पहिल्याच आठवड्यात ग्लेंडाने हाक मारली, "नोरीन, अंगठा," आणि मी तिच्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. मला लाज वाटली. चोर मी, आणि या बाईची सिरिंज तपासणार मी?

एप्रिलमधल्या एका गुरुवारी बाराला पॉलेटने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, मला आत बोलावलं आणि एक यादी पुढे सरकवली. पाच आठवड्यांत फेकलेलं औषध. ग्लेंडाच्या नावावर इतरांच्या चौपट.

"साक्षीला प्रत्येक वेळी कोण आहे ते वाच," पॉलेट म्हणाली.

अकराच्या अकरा वेळा मी होते.

"ग्लेंडा डोळे झाकून विश्वास ठेवते तुझ्यावर. आण, मी फेकते, असं म्हणून घ्यायचीस ना तिच्या हातातून?"

"मी काही घेतलेलं नाही, पॉलेट."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

तिने घड्याळाकडे बघितलं.

"खाली जाऊन नमुना दे. दोन वाजता औषध विभागाचे प्रमुख येतायत. त्यांच्यासमोर बोर्डाकडे तक्रार जाईल. तोवर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही."

उठताना माझी नजर पुन्हा यादीवर गेली. अकरांपैकी सात वेळा खोली ४१२, शिम्को. खुब्याचं ऑपरेशन झालेले शिम्को आजोबा. जन्मभर पोलादाच्या कारखान्यात राबलेला माणूस, गेला आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडत होता. इंजेक्शन देऊनही गुण येत नाही म्हणून आम्ही डॉक्टरला दोनदा बोलावलं होतं. आता गुण का येत नव्हता ते मला कळलं, कारण मीही एकेकाळी म्हाताऱ्या माणसांना औषधाऐवजी पाणी टोचलं होतं. मी जिना उतरले. भीती होतीच, पण तिच्याहून जास्त राग होता.

नमुना स्वच्छ येणार हे मला माहीत होतं, पण त्याने भागणार नव्हतं. चोरी करणारी मी नसले, तरी अकरा खोट्या साक्षी माझ्याच होत्या. सुटायचं तर एकच रस्ता होता, दोन वाजता ग्लेंडाचं नाव घ्यायचं. मग तिच्यावर तक्रार दाखल होणार, लायसन्स जाणार, पोलीस येणार. पण तक्रार दाखल व्हायच्या आधी नर्सने स्वतः बोर्डाला फोन करून कबूल केलं, तर तिला माझ्यासारखा करार मिळायची आशा असते. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

वॉर्डात पाऊल टाकायचं नव्हतं. पण ग्लेंडा वॉर्डात नसणार, हे मी ओळखून होते. तळमजल्यावर कर्मचाऱ्यांच्या बाथरूममध्ये, भिंतीकडच्या शेवटच्या दाराची कडी तेवढी नीट लागते. ते दार एकेकाळी माझं होतं.

दाराखालून तिचे निळे बूट दिसले.

"ग्लेंडा, मी आहे."

"अगं, पोट बिघडलंय. जा तू."

"४१२चं बाराचं इंजेक्शन तुझ्या हातात आहे."

आतून ती हसली. "डोकं फिरलंय का तुझं?"

"घेतलंस की अजून नाही?"

"तोंड सांभाळ, नोरीन. तुझ्या अहवालावर माझी सही लागते. शेवटची सही. आणि तू माझं नाव घेतलंस तर विश्वास कोण ठेवणार? मी एकतीस वर्षं इथे आहे. तू कोण आहेस ते सगळ्यांना ठाऊक आहे."

हे मला लागलं. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मनात आलं की असंच वर जावं, नाव सांगावं आणि मोकळं व्हावं. मी आरशापर्यंत गेलेही. मग परत आले आणि ओल्या फरशीवर दाराला टेकून बसले.

"शिम्को रडतायत गं," मी म्हणाले. "त्यांना पाणी टोचून आलीस ना?"

मग दाराच्या पलीकडे तीही खाली बसल्याचं कळलं.

"गोळ्या दोनच आठवड्यांच्या होत्या," ती म्हणाली. "पाठ दोन आठवड्यांत बरी होते का? मला वाटलं, आठवडाभर फक्त. मग वाटलं, ईस्टरपर्यंत. तुला सांगायचं खूपदा मनात आलं. तुझा अहवाल लिहायला बसायची आणि वाटायचं, हिला काय तोंड दाखवू?"

"टोपण लाव सुईला. आणि इकडे सरकव."

सिरिंज दाराखालून आली, भरलेली. एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने मी वॉर्डात फोन लावला. ४१२ला औषध पोचलेलं नाही, डॉक्टरला आत्ता बोलवा, एवढं सांगून ठेवून दिला. मग तोंडपाठ असलेला बोर्डाचा नंबर लावला आणि फोन दाराखालून आत सरकवला.

"दोन वाजता तक्रार जाणार आहे. त्याआधी तुझ्या तोंडून गेलं पाहिजे. नाव सांग आणि म्हण, मी औषध चोरते, मला मदत हवी आहे. बाकीचं ते विचारतात."

पण फोनवर कुणी येईना. कृपया थांबा, आणि ते भिकार संगीत. एक अडतीस. एक चव्वेचाळीस. बाहेरून कुणीतरी दार ढकललं. "दुसरीकडे जा, इथे उलटी झालीय," मी ओरडले.

"नोरीन," आतून आवाज आला. "मी सांगेन की तुला सिरिंजमध्ये पाणी दाखवायची आणि तुझ्यासमोर फेकायची. तू बघितलंस. तू फसलीस. तुझं काही जाणार नाही."

एकोणतीस दिवस उरले होते. तिने एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर मी सुटले असते, आणि तिचं आणखी काही बिघडणार नव्हतं. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.

एक एक्कावन्नला संगीत थांबलं. "नमस्कार, आपलं नाव?"

मी दारावर हळूच टकटक केली.

"ग्लेंडा प्रुइट," ती म्हणाली, आणि मग बाकीचंही. रडत रडत, पण सगळं.

दोनला पाच मिनिटं असताना आम्ही दोघी पॉलेटच्या खोलीत शिरलो. मी सिरिंज टेबलावर ठेवली. ग्लेंडाने एका दमात सांगून टाकलं, फोन केला तेही सांगितलं. पॉलेटचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं बघून बरं वाटेल, तसं काही वाटलं नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"आणि तू? फेकताना बघितलंस तू?"

ग्लेंडाने तोंड उघडलं. तिच्या आधी मी बोलले, कारण मला इनेस आठवली. तिला विचारलं तेव्हा तिने बघितलं नाही असं खरं सांगून टाकलं होतं, आणि मी शेजारी मान खाली घालून बसले होते.

"एकदाही नाही," मी म्हणाले. "अकरा वेळा न बघता अंगठा दिला."

त्याची किंमत मोजली. यंत्राची परवानगी गेली आणि करार एका वर्षाने वाढला. पॉलेट आता माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. हॉस्पिटलने ग्लेंडाला काढून टाकलं. लायसन्स राहिलं, पण तीन वर्षं करार, आणि नोकरी मिळेल तिथे. उपचार केंद्रातून ती सहा आठवड्यांनी घरी आली. मधे मी दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा तिने भेटायचं नाकारलं. माझ्यामुळे ती पडली होती आणि तिने मला विकायची तयारी दाखवली होती. हे दोन्ही खरं आहे आणि त्याचा हिशोब मला लागत नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं बटण सुरू होणार, हे मला माहीत होतं. पहाटे पाचला मी माझं दाबलं. निवड झालेली नाही. कॉफी केली. सव्वापाचला फोन हातात घेतला आणि लिहिलं:

केलंस?

पाच वीस झाले. पाच तीस. कॉफी गार झाली. पाच सदतीसला फोन वाजला.

केलं. निवड झाली. गाडी चालवायची परवानगी नाही मला अजून.

मी नाइटगाउनवरच कोट चढवला आणि किल्ली शोधली.